हॅटट्रिक मॉर्टेन्सन यांची, सामना मॅथ्यूज यांचा!

महायुद्धात बॉम्बर विमान कोसळून डोक्याला गंभीर दुखापत झालेले स्टॅन मॉर्टेन्सन (१९२१-१९९१) त्यातून सावरले आणि ब्लॅकपूलचे हुकमी आघाडीपटू ठरले. २ मे १९५३ रोजी वेम्ब्लीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात बोल्टन वाँडरर्स ३-१ने पुढे होता. ब्लॅकपूलचा एकमेव गोल मॉर्टेन्सन यांचाच. त्यांनी आणखी एक केला. सामना संपता संपता फ्री किकवर थेट तिसरा! पाठोपाठ बिल पेरी यांनी विजयी गोल नोंदवला. वेम्ब्लीवरील या अंतिम लढतीत अशी हॅटट्रिक विसाव्या शतकात दुसऱ्या कुणालाही साधली नाही. तरीही सामना ओळखला जातो तो उजव्या बगलेवरून बोल्टनचा बचाव खिळखिळा करणाऱ्या स्टॅन्ले मॅथ्यूज यांच्या नावाने. ब्लॅकपूलच्या चाहत्यांना मात्र विसर पडलेला नाही. ब्लूमफिल्ड रोड मैदानाबाहेर २००५ मध्ये पुतळा उभारला गेला, तो मॉर्टेन्सन यांचा.