ताझिओ नुवोलारी (१८९२–१९५३)

मोटारशर्यत यंत्र जिंकते की चालक, याचा विचार करताना नुवोलारी यांचे चरित्र ध्यानात घ्या. इटलीतील कास्तेल दारिओ येथे जन्मलेले नुवोलारी आरंभी मोटारसायकलींच्या शर्यतीत उतरले. २८ जुलै १९३५ रोजी जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग येथे मर्सिडीज व ऑटो युनियनच्या बलाढ्य मोटारींपुढे त्यांच्याकडे होती जुनी, कमी शक्तीची अल्फा रोमिओ. इंधनाचा पंप बिघडल्याने त्यांची दोन मिनिटांहून अधिक वेळ वाया गेली. तरीही वळणावळणावर त्यांनी अंतर घटविले. अखेरच्या फेरीत आघाडीवरील ब्राउखिच यांचा झिजलेला टायर फुटला आणि नुवोलारी विजयी झाले. याला केवळ दैव म्हणू नका. टायर बदलण्यास थांबण्याची उसंत त्यांच्या पाठलागानेच उरू दिली नव्हती.