विद्यार्थ्याला बोलते करणारा गुरू : संत जॉन हेन्री न्यूमन

१ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी संत जॉन हेन्री न्यूमन यांना ख्रिस्तसभेचे धर्मपंडित म्हणून घोषित केले. त्यांच्या ईशज्ञानाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही येथे त्यांच्यातील शिक्षकाचा परिचय करून देऊ इच्छितो.

२१ फेब्रुवारी १८०१ रोजी लंडन येथे जन्मलेले न्यूमन १८२२ साली ऑक्सफर्डच्या ओरिएल महाविद्यालयाचे फेलो झाले. स्वभावाने ते अतिशय बुजरे होते. रिचर्ड व्हेटली या अँग्लिकन पंडिताने त्यांना फिरावयास नेऊन, वाद घालून, आपल्या तर्कशास्त्रावरील लिखाणात मदतीस घेऊन स्वतंत्र विचार करावयास शिकविले. व्याख्यानाने जे साधले नसते ते संभाषणाने साधले.

१८२६ साली न्यूमन स्वतः ट्यूटर झाले. त्या काळी ट्यूटर वर्गात पाठ घेई, शिस्त पाही आणि मोकळा होई. परीक्षेत चमकू पाहणारे विद्यार्थी पदरचे पैसे मोजून खाजगी शिक्षक ठेवीत. न्यूमन यांना हे मान्य नव्हते. ट्यूटरपदाला ते आत्मिक जबाबदारी मानीत. हरेल फ्रूड व रॉबर्ट विल्बरफोर्स या सहकाऱ्यांसह त्यांनी होतकरू विद्यार्थ्यांना लहान गटांत, जवळून शिकविण्याची व्यवस्था सुरू केली. प्रोव्होस्ट एडवर्ड हॉकिन्स यांनी तिला विरोध केला. १८२८ च्या निवडणुकीत न्यूमन यांनी त्यांनाच पाठिंबा दिला होता, हे विशेष! तडजोड झाली नाही. १८३० पासून नवे विद्यार्थी पाठविणेच बंद झाले आणि १८३२ पर्यंत न्यूमन यांचे शिकविणे संपले. पद्धत सोडण्यापेक्षा त्यांनी विद्यार्थी गमावणे पत्करले. हा हट्ट होता असे म्हणणारे तेव्हाही होते. आम्हांस तो हट्ट वाटत नाही.

१८४५ साली त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. पुढे आयर्लंडच्या धर्माधिकाऱ्यांच्या निमंत्रणावरून ते डब्लिनला गेले. तेथे १८५२ साली दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी एक धाडसी विचार मांडला : केवळ परीक्षा घेऊन पदव्या वाटणाऱ्या विद्यापीठापेक्षा, जेथे शिक्षक नसतील पण तरुण एकत्र राहून परस्परांशी चर्चा करतात असे विद्यापीठ श्रेष्ठ. मन हे भांडे नव्हे. मिळालेले ज्ञान त्याने स्वतः चाळून, आधीच्या ज्ञानाशी जुळवून पाहिले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

१८५४ साली कॅथलिक विद्यापीठ उघडले. रेक्टर न्यूमन यांनी विद्यार्थ्यांची लहान लहान निवासगृहे केली आणि हार्कोर्ट स्ट्रीटवरील एका गृहात स्वतः राहिले. त्यांनी लिहिलेला एक काल्पनिक प्रवेश-परीक्षेचा संवाद आम्हांला फार आवडतो. परीक्षक झेनोफोनच्या ग्रंथाच्या 'अनाबासिस' या नावाचाच अर्थ विचारतो आणि ग्रंथ वाचून आलेला विद्यार्थी गडबडतो. वर चढून जाणे? पण कोण चढले, कोठून, कोठे? असे एकेका शब्दावरून घोळविता घोळविता त्याचे वरवरचे वाचन उघडे पडते. आजच्या तोंडी परीक्षकांनीही हे पान जरूर वाचावे. १८५८ साली सायंवर्गातील तरुणांपुढे बोलतानाही, नुसते ऐकून शिक्षण होत नाही हाच मुद्दा त्यांनी आग्रहाने मांडला.

त्याच शहरात व्हेटली अँग्लिकन आर्चबिशप होते; परंतु जुना स्नेह पुन्हा जुळला नाही. विद्यापीठाच्या पदव्यांना सरकारी मान्यता मिळाली नाही, धर्माधिकाऱ्यांशी मतभेद वाढले आणि १८५८ साली न्यूमन यांनी राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी बर्मिंगहॅम येथे मुलांची शाळा काढली.