रविवारची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे

रविवारी सकाळी आपण सहकुटुंब उपासनेस जातो. धार-देवासची लहान मंडळी असो वा मुंबईची मोठी, त्या दिवशी कामाला सुटी असणे आपल्याला स्वाभाविक वाटते. परंतु १८९० पूर्वी मुंबईच्या कापड गिरणीत राबणाऱ्या बाईला आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. ती मिळावी म्हणून झटलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांची आज ओळख करून घेऊ.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी प्रथम रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी केली व नंतर मुंबईच्या मांडवी गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावंत कार्यकर्ते होते. गिरणीत त्यांनी जे डोळ्यांनी पाहिले ते त्यांना स्वस्थ बसू देईना.

त्या काळी गिरणी सूर्य उगवताच सुरू होई व मावळला की थांबे. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. स्त्रिया व तरुण मुली मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत असत. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, मग दिवसभर कापसाच्या तुसात आणि यंत्रांच्या आवाजात उभे राहायचे. मजुरी कामाच्या मापावर. सूत तुटके आले तर नुकसान त्यांचेच. पगार उशिरा मिळे, त्यातून दंडही कापला जाई. तान्हे मूल रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी चारून निजविण्याची वेळ अनेक आयांवर येई. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. स्त्रियांविषयी त्यात काहीच नव्हते.

१८८० पासून लोखंडे ‘दीनबंधु’ पत्र चालवू लागले व गिरणी कामगारांची दुःखे त्यात मांडू लागले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या. दर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात जायबंदी झालेल्यास मदत, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. मालकांनी व सरकारने तेव्हा फारशी दाद दिली नाही. पण लोखंडे थकले नाहीत.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया उठून बोलल्या. बायकांनी चारचौघांत तोंड उघडू नये असे मानणारा तो काळ! त्यांच्या बोलण्याला किती धैर्य लागले असेल, याचा वाचकांनी विचार करावा. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

१८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी व दुपारची विश्रांती पक्की झाली. स्त्रियांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले गेले व त्यात त्यांना दीड तासाची विश्रांती ठरली. नऊ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई झाली. तरी हा कायदा ब्रिटिश मुलखापुरताच होता. इंदूर, धार, देवास ही संस्थाने त्याबाहेर राहिली. अकरा तास हेही काही थोडे नव्हेत.

गिरणीच्या वेशीबाहेरही लोखंडे यांचे काम चालूच होते. विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार नाभिकांनी करावा म्हणून ते झटले. १८९३ च्या मुंबईतील दंगलीनंतर हिंदू-मुसलमानांत सलोखा व्हावा म्हणून त्यांनी सभा घेतली. १८९५ साली सरकारने त्यांना रावबहादूर किताब दिला. पुढे मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा लोक शहर सोडून पळत असताना ते रोग्यांच्या सेवेस राहिले. त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. २००५ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

लोखंडे यांनी रविवार मागितला तो थकलेल्या देहांना विसावा मिळावा म्हणून. विसाव्याच्या दिवसाची आज्ञा देतानाही देवाने दासीची आठवण ठेवली आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना ही आज्ञा शिकविताना त्या दोन गिरणीकामगार स्त्रियांची गोष्ट जरूर सांगावी. आणि आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला आठवड्यात एक दिवस तरी सुटी मिळते काय, हे आपण प्रत्येकाने स्वतःस विचारावे.