अक्षरांचा कैवारी : स्टॅन्ली मॉरिसन

राजकीय विचारांचे गंभीर पुस्तक दुकानाच्या फळीवर मांडलेले असता येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर त्यावर खिळावी कशी, हा प्रकाशकांना नेहमी पडणारा प्रश्न. चित्राचा आधार न घेता, निव्वळ अक्षरांच्या बळावर ज्यांनी तो सोडविला, त्या स्टॅन्ली मॉरिसन या इंग्रज मुद्रणतज्ज्ञाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

मॉरिसन यांचा जन्म ६ मे १८८९ रोजी इंग्लंडमधील वॉन्स्टेड येथे झाला. वडिलांनी कुटुंबाला वाऱ्यावर सोडले. संसाराचा भार आईवर पडला आणि मुलाला चौदाव्या वर्षी शाळा सोडून नोकरी धरावी लागली. कारकुनीत त्यांचे मन रमले नाही. १० सप्टेंबर १९१२ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’ने मुद्रणकलेवर काढलेली पुरवणी त्यांच्या हाती आली आणि आयुष्याला निराळे वळण लागले. पुढच्याच वर्षी ‘इंप्रिंट’ या मुद्रणविषयक मासिकात त्यांना काम मिळाले. महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या या गृहस्थांनी जुने ग्रंथ आणि हस्ताक्षरे न्याहाळून स्वतःची विद्या स्वतःच संपादन केली.

पहिल्या महायुद्धात शस्त्र धरणे त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला पटले नाही. त्यापायी १९१६ मध्ये त्यांना तुरुंगात जावे लागले. सुटकेनंतर ते पुन्हा अक्षरांकडे वळले. १९२३ पासून मोनोटाइप कंपनीचे सल्लागार म्हणून त्यांनी कित्येक जुन्या सुंदर वळणांचे पुनरुज्जीवन घडवून आणले.

पुस्तकातील अक्षराने स्वतःकडे लक्ष वेधू नये, वाचकाला थेट मजकुरापर्यंत न्यावे, असे त्यांचे ठाम मत होते. असे असूनही व्हिक्टर गोलँझ यांच्या १९२७ साली स्थापन झालेल्या प्रकाशनसंस्थेसाठी त्यांनी जी वेष्टने योजिली, ती लांबूनच हाक मारणारी होती. भडक पिवळा कागद, त्यावर काळ्या व किरमिजी रंगांत लहानमोठी, निरनिराळ्या वळणांची अक्षरे आणि पुस्तकाची शिफारस करणारा मजकूर. चित्र मुळीच नाही. यात विसंगती आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. आतले पान वाचावयास बसलेल्यासाठी असते, तर वेष्टन अजून न थांबलेल्यासाठी. एकाने सौम्य बोलावे, दुसऱ्याने खणखणीत. शिवाय चित्र वाचकाच्या भावनेला हात घालते. राजकीय ग्रंथाचे वेष्टन अक्षरांचेच असेल, तर विषय कोणता आणि लेखक कोण, हे प्रथम वाचूनच कळते.

याच गोलँझ यांनी १९३६ मध्ये ‘लेफ्ट बुक क्लब’ सुरू केला. अडीच शिलिंगांत सभासदांना दरमहा एक पुस्तक मिळे. १९३९ पर्यंत सभासदसंख्या ५७,०००च्या घरात गेली. आरंभीच्या पुस्तकांची नारिंगी आवरणेही अक्षरांचीच होती. भारतातील ब्रिटिश राजवटीची कठोर चिकित्सा करणारा रजनी पाम दत्त यांचा ‘इंडिया टुडे’ हा ग्रंथ १९४० साली गोलँझ यांनीच प्रसिद्ध केला.

इकडे ‘टाइम्स’च्या छपाईवर मॉरिसन यांनी कडक टीका केली, तेव्हा त्या पत्राने सुधारणेचे काम त्यांच्याकडेच सोपविले. त्यांच्या देखरेखीखाली व्हिक्टर लार्डंट यांनी रेखाटलेले ‘टाइम्स न्यू रोमन’ हे वळण ३ ऑक्टोबर १९३२ च्या अंकात प्रथम झळकले. राजसत्तेच्या तुरुंगात राहून आलेल्या माणसाने प्रस्थापितांच्या मुखपत्राला अक्षरे दिली आणि डाव्या विचारांच्या पुस्तकांना वेष्टनेही दिली! १९५३ मध्ये देऊ केलेला ‘सर’ हा किताब मात्र त्यांनी नाकारला. ११ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आमच्या मुलांच्या कानांवर घराबाहेर मराठी क्वचितच पडते. मराठी पुस्तकाशी त्यांची पहिली भेट होते, ती बहुधा वेष्टनावरील अक्षरांतून. ती अक्षरे गिचमिड वा वेड्यावाकड्या नक्षीत हरवलेली असली, तर मूल पुस्तक उघडण्यापूर्वीच खाली ठेवते. पुस्तके, स्मरणिका आणि निमंत्रणपत्रिका छापताना आपण सर्वांनी याचा विचार अवश्य करावा, अशी आमची विनंती आहे.