देणगीआधी देणारा

जॉर्ज म्यूलर हे नाव आपल्या मंडळ्यांना नवे नाही. त्यांनी कोणापुढे हात न पसरता हजारो अनाथ लेकरे सांभाळली, हे आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहो. परंतु ज्यांनी न मागता दिले, त्यांच्याशी म्यूलर कसे वागले हे फारसे सांगितले जात नाही. आज आम्ही तेच सांगणार आहो.

म्यूलर यांचा जन्म २७ सप्टेंबर १८०५ रोजी प्रशियात झाला. वडील सरकारी कर गोळा करीत, आणि लहानगा जॉर्ज त्या रकमेतून पैसे चोरी. पुढे हाले येथील विद्यापीठात शिकत असता, १८२५ साली एका घरगुती प्रार्थनासभेत त्याचे अंतःकरण पालटले. ज्याने दुसऱ्याच्या पैशाला हात लावला होता, त्याच्याच हाती देवाने पुढे लाखो पौंड सोपविले.

१८२९ साली ते इंग्लंडला आले व टिनमथ येथे पाळक झाले. तेथे पाळकाचा पगार बाकांच्या भाड्यातून निघे. ज्याच्यापाशी पैसा, त्याला चांगली जागा. गरिबाने मागे बसावे. म्यूलर यांना हे मानवेना. १८३० साली त्यांनी ठरलेला पगार सोडला व उपासनालयात एक पेटी ठेवविली. ज्याला जे द्यावेसे वाटेल ते त्याने आनंदाने द्यावे, एवढाच नियम.

पुढे ब्रिस्टल शहरी त्यांनी १८३४ साली पवित्र शास्त्राच्या प्रसारासाठी एक संस्था काढली आणि १८३६ साली अनाथ मुलींसाठी पहिले घर उघडले. या घरासाठी आलेली पहिली रोकड देणगी होती एक शिलिंग! कोणी ताटे दिली, कोणी पेले, कोणी सुऱ्या-काटे. एका जोडप्याने घरातले सामान दिले आणि पगार न घेता स्वतःही सेवेला वाहून घेतले. म्यूलर यांनी या सर्वांची नोंद आपल्या वहीत केली. मोठी रक्कम तेवढी लिहावी आणि ताटे-पेले सोडून द्यावे, असे त्यांनी केले नाही.

त्या आरंभीच्याच काळात एक गोष्ट घडली. शिवणकाम करून पोट भरणारी एक अशक्त प्रकृतीची स्त्री होती. तिला वारशाने सुमारे ४८० पौंड मिळाले. त्यांतून तिने आपल्या वडिलांचे राहिलेले कर्ज गुपचूप फेडले, आईला १०० पौंड दिले आणि अनाथांसाठी १०० पौंड म्यूलर यांच्याकडे पाठविले. काम नवे, गरज मोठी. दुसरा कोणी असता तर त्याने आभार मानून रक्कम तिजोरीत टाकली असती. म्यूलर यांनी आधी तिची भेट घेतली. भावनेच्या भरात दिलेस काय, पुढे पस्तावशील काय, तुझी प्रकृती अशी, तुझे कसे होईल, असे त्यांनी तिला परोपरीने विचारले. तिचा निश्चय पुरता कळला, तेव्हाच त्यांनी ती रक्कम स्वीकारली. अनाथांच्या घासाची काळजी वाहणाऱ्या या मनुष्याला त्या शिवणकाम करणाऱ्या बहिणीचीही तितकीच काळजी होती.

हाच भाव त्यांच्या सगळ्या कारभारात दिसतो. प्रत्येक देणगीची पावती दिली जाई. अहवालात दात्याचे नाव छापत नसत. पावतीच्या क्रमांकावरून ज्याने त्याने आपली देणगी पाहून घ्यावी. त्यामुळे हिशेब उघडा राही आणि दात्याचे नाव झाकलेले राही. कर्जात बुडालेल्याने आपले देणे न फेडता देणगी द्यावी, हे त्यांना पसंत नव्हते. १८४१ च्या डिसेंबरात वार्षिक सभेची व अहवालाची वेळ आली, तेव्हा नेमकी हातात पैशांची फार टंचाई होती. अहवाल वाचून लोकांना दया येईल व ते देतील. पण ते देणे आपल्या अडचणीने काढलेले होईल, असे जाणून त्यांनी सभा व अहवाल दोन्ही पुढे ढकलले.

म्यूलर स्वतःही दाते होते. स्वतःच्या खर्चासाठी मिळालेल्या पैशांतून त्यांनी आयुष्यभरात सुमारे ८१,००० पौंड देवकार्याला दिले, तेही नाव न लावता. चीनमधील सुवार्तिकांनाही त्यांनी मदत पाठविली. देणाऱ्याचे मन त्यांना कळे ते यामुळेच, असे आम्हांस वाटते.

१८७० पर्यंत ब्रिस्टलच्या ॲशली डाउन टेकडीवर पाच मोठी घरे उभी राहिली आणि दोन हजारांवर मुलांची सोय झाली. वृद्धपणी ते सुवार्ता सांगत देशोदेशी फिरले. आपल्या हिंदुस्थानातही आले. १८९० च्या जानेवारीत, जबलपूर येथे असताना, एकुलत्या एका मुलीच्या मरणाची तार त्यांच्या हाती पडली. त्यांचे चरित्र आपल्या पंडिता रमाबाईंनी वाचले होते आणि त्यापासून त्यांच्या विश्वासाला बळ मिळाले होते. १० मार्च १८९८ रोजी म्यूलर प्रभूकडे गेले. तोवर दहा हजारांवर अनाथ त्यांच्या छायेखाली वाढले होते. मागे त्यांची स्वतःची मालमत्ता दोनशे पौंडांचीही निघाली नाही.

प्रत्येकाने म्यूलर यांच्याप्रमाणे मागणे सोडावे, असे आमचे म्हणणे नाही. पौलानेही यरुशलेमेतील गरिबांसाठी मंडळ्यांकडे मागितले. पण फिलिप्पैकरांची देणगी पोहोचल्यावर त्याने देणगीपेक्षा देणाऱ्यांचे हित अधिक मानले, व त्यांना सुवार्तेच्या कामातले भागीदार समजून पत्र लिहिले. आपल्याकडे काय होते? वर्गणी मागावयास आपण दारी जातो. पुढे त्या घरी आजार आला, नोकरी गेली, तर जातो काय? हंगामाच्या उपासनेत मोठे आकडे मोठ्याने वाचतो; विधवेने आणलेल्या शेरभर तांदळाची नोंद कोठे असते?

खजिनदार बंधूंनो, पावती वेळेवर द्या आणि हिशेब मंडळीपुढे उघडा ठेवा. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, मुलाने थैलीत टाकलेल्या नाण्याचे पुढे काय झाले, ते त्याला सांगा. म्हणजे आपण नुसते पैसे टाकले नाहीत, प्रभूच्या कामात आपलाही वाटा आहे, हे त्याला लहानपणीच कळेल. ज्याला हे एकदा कळले, त्याच्यापाशी मोठेपणी फार मागावे लागत नाही.