हसण्यावारी नेलेलं गाणं

सहा फुटांच्या वर उंची, खांद्यावर रुळणारे कुरळे केस, चेहऱ्यावर पांढरी पावडर आणि हातात साधी शॉपिंग बॅग. त्या बॅगेतून हा गृहस्थ युकुलेली काढायचा. गिटारच्या धाकट्या बहिणीसारखं दिसणारं हे चार तारांचं वाद्य. मग प्रेक्षकांकडे हवेतून चुंबनं फेकायची आणि एकदम पातळ, बायकी आवाजात गायला लागायचं! लोक आधी बुचकळ्यात पडायचे, मग खो खो हसायचे. नाव तरी काय, तर टायनी टिम. म्हणजे चिमुकला टिम!

खरं नाव हर्बर्ट खौरी. जन्म १२ एप्रिल १९३२, न्यूयॉर्क. आई पूर्व युरोपातून आलेली ज्यू, कपड्यांच्या कारखान्यात राबणारी. वडील लेबनॉनचे ख्रिश्चन, तेही कापडाच्याच धंद्यात कामगार. मुलगा पाच वर्षांचा असताना वडिलांनी घरी चावीचा जुना फोनो आणि हेन्री बर या गायकाची एक तबकडी आणली. झालं! बाहेर मुलं खेळत असायची आणि हा फोनोला कान लावून बसायचा. पुढे सार्वजनिक वाचनालयात तासन् तास बसून त्याने जुन्या गायकांची माहिती आणि गाण्यांच्या छापील प्रती धुंडाळल्या.

ही गाणी म्हणजे रॅगटाइमच्या आणि जॅझच्या सुरुवातीच्या काळातली. १९२५ च्या आसपास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं. त्याआधी गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावं लागे. त्यामुळे प्रत्येक शब्द ठसठशीत, आवाज खणखणीत. मग मायक्रोफोन आला, गाणं हळुवार झालं आणि आधीची मंडळी बघता बघता विस्मरणात गेली. या मुलाने मात्र ती मनात जपली. कोणतं गाणं कुणी, कधी गायलं, हे त्याला मुखोद्गत असायचं.

पण पोट कसं भरायचं? ऑफिसात निरोप्याची नोकरी करून पाहिली. १९५९ मध्ये टाइम्स स्क्वेअरच्या एका तळघरात, जिथे पिसवांची सर्कस दाखवत, तिथे तो मानवी कॅनरी पक्षी म्हणून गायला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांच्या एका छोट्या क्लबात रात्रीमागून रात्री गायला. घरच्यांना मुलाची काळजी वाटायची. कुठल्या आईला वाटणार नाही?

मग १९६८ साल उजाडलं. लाफ-इन या विनोदी टीव्ही कार्यक्रमाने त्याला पडद्यावर आणलं आणि अमेरिका वेडी झाली. टिपटो थ्रू द ट्युलिप्स हे १९२९ चं गाणं त्याने नव्याने गायलं आणि ते लोकप्रियतेच्या यादीत सतराव्या क्रमांकावर पोचलं. त्याच्या पहिल्या तबकडीत एक युगुलगीत आहे. त्यातला मुलगाही तोच आणि मुलगीही तोच! म्हणजे त्याचा मूळ भरदार मर्दानी आवाजही होताच. पातळ आवाज ही त्याने मुद्दाम कमावलेली दुसरी वाट होती. लोकांनी मात्र तेवढंच लक्षात ठेवलं.

त्यानंतरचा प्रसंग ऐकून आपल्यातल्या आयांच्या कपाळावर आठ्या पडतील. १७ डिसेंबर १९६९ ला जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमात त्याचं लग्न लागलं. तो ३७ वर्षांचा, नवरी मिस व्हिकी अवघी १७ वर्षांची. ट्युलिपच्या फुलांचा नुसता खच, आणि सुमारे चार कोटी प्रेक्षक! लग्न म्हणजे देशभरचा तमाशाच झाला की. १९७१ मध्ये मुलगी झाली, नाव ठेवलं ट्युलिप. संसार फार काळ एकत्र झाला नाही, १९७७ मध्ये घटस्फोट झाला. त्या कोवळ्या मुलीचं पुढे काय, हा प्रश्न त्या रात्री टाळ्या वाजवणाऱ्यांना पडला नसावा. टिमवर प्रेम करणाऱ्यांनीही ही बाजू झाकून ठेवू नये.

१९७० मध्ये इंग्लंडजवळच्या आयल ऑफ व्हाइट बेटावर, रॉक ऐकायला जमलेल्या लाखोंच्या गर्दीसमोर, तो तोंडाशी भोंगा धरून गायला. लोकांना तो नवा चाळा वाटला. खरं तर सभागृहात माइक नव्हते तेव्हा गायक असेच गायचे. तो इतिहास सांगत होता, लोकांना विनोद दिसत होता. आणि विनोद जुना झाला की माणूसही जुना होतो. पैसा गेला. मग लहानसहान हॉटेलांतून कार्यक्रम. १९८५ मध्ये तर सर्कशीबरोबर गावोगाव भटकंती. गाणं मात्र सुटलं नाही.

१९९५ मध्ये त्याने तिसरं लग्न केलं, आपल्या जुन्या चाहतीशी, आणि तो मिनिआपोलिसला राहायला गेला. सप्टेंबर १९९६ मध्ये युकुलेलीच्या एका महोत्सवात रंगमंचावरच हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी बजावलं, आता कार्यक्रम बंद. ऐकतोय कोण? ३० नोव्हेंबर १९९६ ला मिनिआपोलिसच्या महिला मंडळाच्या मदतनिधी समारंभात तो आपलं तेच ट्युलिपचं गाणं गायला आणि तिथेच कोसळला. त्याच रात्री तो गेला. वय ६४.

चाहत्यांनी मात्र त्याला सोडलं नाही. जस्टिन मार्टेल या चाहत्याने २०१६ मध्ये त्याचं सविस्तर चरित्र काढलं. २०२० मध्ये स्वीडनच्या एका दिग्दर्शकाने माहितीपट केला. या लोकांना त्याचा विक्षिप्तपणा आठवतोच, पण त्याहून जास्त आठवतात ती त्याने विस्मृतीतून वर काढलेली गाणी. शेकडो गाणी पाठ असलेला हा माणूस म्हणजे चालतंबोलतं संग्रहालय होता. फक्त त्याच्या दारात लोक हसायला यायचे.

आपल्या घरातल्या मुलांनीही त्याचा आवाज ऐकलेला असू शकतो बरं का! १९९९ मध्ये आलेल्या स्पंजबॉब या कार्टूनच्या पहिल्याच भागात, तो पिवळा पठ्ठ्या भुकेल्या झुंडीसाठी भराभर बर्गर करतो, तेव्हा मागे टिमचंच गाणं वाजतं. मूळ गाणं १९३० चं. कधी लागलं तर पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐका. हसू येईल, येऊ दे. पण शेवटपर्यंत ऐका.