गोष्ट सांगणाऱ्या जॉर्जेटबाई

भगिनींनो, मी सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी पुस्तक मला वाचता येत नाही. पण सासूबाई पाय मोडून अंथरुणावर होत्या, तेव्हा माझी थोरली मुलगी रोज दुपारी त्यांच्याजवळ बसून एका इंग्रजी कादंबरीची गोष्ट मराठीतून सांगत असे. विलायतेतले सरदार-उमराव, घोड्यांच्या बग्ग्या, नाचाच्या मेजवान्या, रुसवेफुगवे आणि शेवटी लग्न! कितीतरी दिवसांनी सासूबाई खळखळून हसल्या. तेव्हा ही गोष्ट लिहिणारी बाई कोण, ते मी मुलीकडून समजून घेतले. तेच आज आपणांस सांगते.

जॉर्जेट हेयर यांचा जन्म १९०२ साली लंडनच्या विंबल्डन भागात झाला. वडील शिक्षक. पाठीवर दोन भाऊ. त्यांतल्या मोठ्याला रक्त लवकर न थांबण्याचा आजार होता. त्याचे मन रमावे म्हणून १७ वर्षांच्या जॉर्जेटबाई त्याला एक गोष्ट रचून सांगू लागल्या. वडिलांनी ती ऐकली व छापण्याजोगी तयार करावी असे सुचविले. १९२१ साली ‘द ब्लॅक मॉथ’ हे पुस्तक निघाले. तेव्हा त्यांना १९ वे वर्ष होते.

१९२५ साली वडील एकाएकी हृदयविकाराने गेले. मागे पेन्शन नाही. दोन्ही भावांचा भार या मुलीवर आला. दोनच महिन्यांनी त्यांचे लग्न झाले. पती रोनाल्ड रूझिए खाणींचे इंजिनियर. त्यांच्यामागोमाग त्या आफ्रिकेत टांगानिका देशी गेल्या. तेथे रानात गवताच्या झोपडीत राहून, जवळ संदर्भाची सगळी पुस्तके नसताना त्यांनी ‘द मास्करेडर्स’ ही कादंबरी लिहिली. पुढे मायदेशी परतल्यावर पतीने आधी खेळाच्या सामानाचे दुकान चालविले, मग वकिलीचा अभ्यास केला. १९३२ साली मुलगा झाला. या सगळ्या वर्षांत घर मुख्यतः बाईंच्या लेखणीवर चालत होते.

राजाला वेड लागल्यामुळे १८११ ते १८२० पर्यंत इंग्लंडचा कारभार युवराज पाहत होता. १९३५ सालच्या ‘रीजन्सी बक’पासून हा काळ त्यांनी आपलासा केला. पोशाख, गाड्या, वस्तूंचे भाव, बोलण्याच्या लकबी, सगळे त्या वह्यांत टिपून ठेवीत. समीक्षकांनी मात्र त्यांना फारशी दाद दिली नाही. त्यांनीही कधी मुलाखत दिली नाही. १९७४ साली त्या वारल्या, तेव्हा त्यांचे सासरचे नाव वाचकांना मृत्युलेखांतून कळले!

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. रुमानियात राजकीय कारणावरून एक बाई १२ वर्षे तुरुंगात होती. जॉर्जेटबाईंच्या ‘फ्रायडेज चाइल्ड’ या कादंबरीची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून तिने स्वतःचे आणि सोबतच्या कैद्यांचे मन ताळ्यावर ठेवले. सुटल्यावर तिने तसे पत्राने कळविले. आलेली पत्रे बाई सहसा ठेवीत नसत, पण हे त्यांनी जपून ठेवले.

आपल्याकडे कादंबरी हातात दिसली की रिकामपणाचे चाळे म्हणतात. मीही मुलीला तसे बोलले आहे, आणि आज त्याची लाज वाटते. आजारी भावासाठी सांगितलेली गोष्ट पुढे तुरुंगापर्यंत पोचली, आमच्या माजघरातही आली. भगिनींनो, शेजारी कोणी अंथरुणाला खिळले असेल, तर डबा नेताना घडीभर बसून एखादी गोष्टही सांगून या.